इंग्रजीच्या तासाला नाटक होऊ द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक राज्य, बंगळूर.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची शिक्षिका आहे. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्याविषयी ते आहे त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं असं वाटतं. याचा कन्नड तर्जुमा आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर टपालाने पाठवला आहे. सीमाप्रश्नाबद्दल मला यात काही मागायचं नाही. मागणं इंग्रजीच्या तासाबद्दल आहे.

आमच्याकडची मुलं घरात मराठी बोलतात, एस.टी.त आणि बाजारात कन्नड बोलतात, आणि इंग्रजी त्यांना फक्त पुस्तकात भेटतं. म्हणून ते पुस्तक त्यांच्यासमोर कसं उघडलं जातं याला फार महत्त्व आहे. बहुतेक ठिकाणी ते उघडलंच जात नाही, गाइड उघडलं जातं. धड्याचा सारांश, प्रश्नोत्तरं, ‘संदर्भासह स्पष्टीकरणा’चं ठरलेलं उत्तर, आणि कवितेच्या ओळी पाठ. शिक्षकांना दोष देऊन चालणार नाही. एकाच शिक्षकाकडे दोन विषय, जानेवारीपासून प्रिपरेटरी परीक्षांची घाई, आणि निकालाची टक्केवारी मान धरून बसलेली. या घाईत पहिला बळी जातो नाटकाचा. पुस्तकातलं नाटुकलं ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिलेलं मी पाहिलंय. एका वर्षी मीही तेच केलं होतं.

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण मी दहावीला कितीतरी वर्षं शिकवलं. ते कवितांमध्ये छापलेलं असतं, म्हणून मुलं त्याला कविता समजतात. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, समोरच्याच्या हातात काय आहे, याचा पत्ताच नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने परीक्षेत त्या ओळी एकही चूक न करता लिहिल्या. नंतर तिला विचारलं, ‘हे कोण म्हणतंय गं?’ ती म्हणाली, ‘कवी.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. तिने सगळं बरोबर केलं होतं. शिकवण्यात मीच कमी पडले होते.

पुढच्या वर्षी जुलैत तो धडा घेतला. बाहेर खानापूरचा पाऊस, कौलांवर इतका आवाज की फळ्याजवळचं बोलणं मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हतं. मी बाकं मागे सारली आणि कोर्ट भरवलं. पोर्शिया वकिलाच्या वेशात सावकाराकडे दया मागते, म्हणून झग्यासाठी एका मुलीने आपला काळा रेनकोट चढवला. सावकार झालेल्या मुलाला सांगितलं, तुला कर्जाच्या बदल्यात माणसाचं शेरभर मांस कापून हवंय आणि कागदपत्र तुझ्या बाजूने आहे. त्याने फूटपट्टी घेतली आणि चपलेच्या तळव्यावर घासायला लागला. मी त्याला हे सुचवलं नव्हतं. मूळ नाटकात सुरीला धार लावण्याचा उल्लेख नेमका असाच आहे, हे त्याला कुठून माहीत असणार?

रेनकोटवाल्या मुलीने सुरुवातीला नेहमीसारखं एका दमात वाचलं. ओवी-अभंग अक्षरांच्या हिशोबाने चालतात, त्यामुळे आमची मुलं इंग्रजी ओळीतलं प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाने टाकतात. तिथे चाल आघातावर असते, एका ओळीत साधारण पाच ठोके. फळ्यावर खुणा करून हे समजत नाही, मी करून पाहिलंय. पण समोर फूटपट्टी घासली जात होती आणि पावसावर आवाज चढवायचा होता, म्हणून ती थांबत थांबत, नेमक्या शब्दांवर जोर देत बोलायला लागली. तिसऱ्या खेपेला वर्ग गप्प झाला.

त्या भाषणात दया आभाळातून पडणाऱ्या हळुवार पावसासारखी आहे असं म्हटलंय. मागून एकजण म्हणाला, ‘टीचर, पाऊस कुठं हळू पडतो?’ वर्ग हसला, मग वाद सुरू झाला. शेतकऱ्याच्या घरातली एक मुलगी म्हणाली, धूळवाफ पेरणीनंतर (पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरतात, त्यानंतर) पडतो तो. तो जोरात आला तर बी वाहून जातं, हळू आला तर उगवतं. कुठल्याही गाइडात नसलेला अर्थ तिने तिच्या बांधावरून आणला होता. आणि तास संपता संपता रेनकोटवालीने विचारलं, ‘तो सोडणार नाही म्हणून सगळ्यांनाच ठाऊक हाय की. मग ही एवढं बोलते कशाला?’

महोदय, या प्रश्नाला आपल्या प्रश्नपत्रिकेत जागा नाही.

पाठांतराला माझा विरोध नाही, आम्ही त्याच्यावरच वाढलो. पाठ केलेलं मोठ्याने म्हणायला लावा, एवढंच. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, इंग्रजीच्या 100 गुणांतले 80 लेखी परीक्षेचे आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्या 20 मधले निदान 5 गुण गद्य-पद्याच्या प्रकट वाचनाला आणि नाट्यप्रवेश उभा करण्याला नेमून द्या. नुसतं ‘उपक्रम’ म्हटलं की कागदावरचे तक्ते होतात, म्हणून परिपत्रकात शब्द स्पष्ट असावेत. लेखी पेपरात एक तरी प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर आधी ठरलेलं नसेल. नाटकातला उतारा कवितांत छापाल तेव्हा वरती चार ओळींत प्रसंग द्या. बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतल्या मराठी शाळांच्या शिक्षकांना डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) तीन दिवस बोलवा. त्यातला एक दिवस तालमीचा ठेवा. चर्चा मराठीत करायची मोकळीकही लेखी द्या. इंग्रजीच्या तासाला मुलांना मातृभाषेत विचार करू दिला, तर इंग्रजी कमी होत नाही. धूळवाफेच्या पावसाने मला ते शिकवलं.

नाटक इथल्या मुलांना परकं नाही. गावच्या जत्रेत नाटक बसतं तेव्हा हीच मुलं प्रॉम्प्टिंग करतात, पडदा ओढतात. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ते बेळगावात शिक्षक होते तेव्हा गोविंद बल्लाळ देवल त्यांचे विद्यार्थी होते, आणि याच देवलांनी पुढे शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ ‘झुंझारराव’ म्हणून मराठीत आणला. इंग्रजी नाटक या मातीत वाचलं गेलं, पचवलं गेलं, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला येता. तिथून खानापूर तासाभराच्या वाटेवर आहे. एक सकाळ काढा. आधी कळवलं तर शाळा रांगोळी आणि सत्काराच्या तयारीत गुंततात, म्हणून न कळवता या. दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसा आणि कुणा मुलीला पोर्शियाचं भाषण म्हणायला सांगा. मग तिला विचारा, हे कोण कुणाला म्हणतंय?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव