नुसतं 'वर आहे' एवढं सांग

रामबाग, इंदूर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुला अवंतिका एक्सप्रेसवर सोडायला आलो नाही. रिक्षा वळेपर्यंत गच्चीत उभा होतो, हे आईनं सांगितलं असेलच.

जेवताना बोललो ते चुकलं माझं. '2017 पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय, त्यावर काढ की फिल्म,' म्हणालो. तू एवढंच विचारलंस, 'बाबा, आपली गल्ली झाडणाऱ्या बाईंचं नाव काय?' मला सांगता येईना, म्हणून आवाज चढला.

गटारात उतरणाऱ्यांवर तू फिल्म करतेस याला माझी ना नाही. माणसाला असं गटारात उतरवायला बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे. अशा मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टानं 2023 साली 10 लाखांवरून 30 लाख केली. तरी माणसं दोर बांधून उतरवली जातातच. हे लोकांना दिसायलाच हवं. फक्त तू चेंबरवर वाकू नकोस.

दुसरीत असताना तुला शाळेच्या लॅबमध्ये आणलं होतं, आठवतं? किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड निघाला आणि तू फ्रॉकचा घेर नाकाला लावून ओरडलीस, 'बाबा, सडकं अंडं!' गटारात तोच वायू असतो. हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की काही मिनिटांत नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वायू. तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. तेव्हा वास थांबला की मागे फिर. शॉट राहिला तर राहू दे.

पुन्हा शिकवायला लागलो. रागावू नकोस. हे तुला माझ्याहून जास्त माहीत असणार, त्या लोकांबरोबर तू बसतेस.

तुझी आधीची बारा मिनिटांची फिल्म रात्री परत पाहिली. त्या बाई नवऱ्याचे गमबूट पोत्यात बांधतात, तेव्हा कॅमेरा चेहऱ्याकडे जातच नाही, गाठ मारणाऱ्या बोटांवर थांबतो. त्यांचं रडणं तू विकलं नाहीस. आजी शेवया करायची तेव्हाही तू अशीच तिच्या बोटांकडे बघत बसायचीस. नेहरू पार्कच्या बाकावर चौघांना मोबाइलवर दाखवली. कुणी काही बोललं नाही. एकानं परत लावायला सांगितली.

आणि काल पहाटे खाली उतरलो. गल्ली झाडणाऱ्या बाईंना नाव विचारलं. आधी त्या घाबरल्या, वाटलं तक्रार आहे. मग सांगितलं. आलीस की भेटवतो, कॅमेरा न आणता ये.

मुंबईत पाऊस सुरू झालाय म्हणतात. पाण्यानं भरलेलं चेंबर वरून कळतही नाही. लिहायचं नाही ठरवलं होतं, तरी लिहिलं.

माझा फोन उचलत जा. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, काही विचारणार नाही. नुसतं 'वर आहे' एवढं सांग.

तुझा,
बाबा