माळ एवढ्यात नको

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तात्यांकडून तुळशीची माळ आणून ठेवलीत, आषाढीला पंढरपुरात माझ्या गळ्यात घालायची म्हणता, हे आईने फोनवर सांगितलं. मी यंदा येत नाही. विश्रांतवाडीला खोली घेतली आहे, डिपॉझिटही भरून झालं. सोबत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातलेच दोघं आहेत, माझ्याआधी सुटलेले. पाठपुराव्याच्या मीटिंगला इथून चालत जाता येतं. घरी आलो तर ती बस, तो स्टँड, ती माणसं.

माळेवर विश्वास नाही असं मनात आणू नका. माळ घालून सुटलेले आपल्या आळीतच आहेत. पण आबांचं तुम्हाला ठाऊक आहे. माळ घातली की सगळा गाव माझ्या गळ्याकडे बघणार. मला आधी कुणी बघत नसताना नीट राहायचंय.

मग करतोस काय, विचाराल. भांडी घासतो. सात वाजले की ओढ लागते. १५-२० मिनिटं, फार तर अर्धा तास तग धरला की ओसरते. तेवढा वेळ हात कामात हवेत. प्रार्थनेला डोळे मिटले की नको ते सगळं दिसतं, कुकर घासताना नाही दिसत. झाकणाची रिंग काढून खाच धुवायची, गाळणीत अडकलेली चहापूड काढायची, ओटा कोरडा करायचा. हाच माझा हरिपाठ समजा. अरणच्या सावतोबांची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना, मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. त्यांचा मळा, माझी मोरी.

आई, परवा तांब्याला चिंच-मीठ लावलं. दिवाळीआधी तू समया घासायला बसवायचीस आणि मी चिंच चोखत बसायचो. तुझं ‘अरे मेल्या’ ऐकू आलं बघ.

खोलीत ऊन येतं, पाणी दोन्ही वेळ असतं, पोळ्या समोरच्या काकू देतात. जेवण चुकवत नाही; भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चौघांना जवळ येऊ द्यायचं नाही असं पक्कं शिकवलंय. माउलींची पालखी आळंदीहून याच रस्त्याने पुण्यात जाते. त्या दिवशी वारकऱ्यांच्या चहाची पातेली मी घासणार आहे. बाबा, तुमची दिंडी कितवी ते कळवा, रस्त्यावर भेटू. माळ तेव्हा खिशातून काढू नका, तेवढं ऐका. कार्तिकीला बोलू.

आता नीट वाचा. बीपीची गोळी वारीतही चुकवायची नाही, आणि चपला नव्या घ्यायच्या. आई, अंगी लागावं म्हणून द्राक्षासव पाठवू नकोस, त्यात अल्कोहोल असतं गं, च्यवनप्राश चालेल. माझ्या नावाने कुणी पैसे मागायला आलं तर द्यायचे नाहीत. मी स्वतः फोन करून मागितले तरी आधी ताईला विचारायचं, मी कितीही चिडलो तरी.

तुमचा,
बाळू