ओळखपत्र हातात, पण यादीत नाव नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मतदानाच्या दिवशी केंद्रावरून हिरमुसून परत जाणाऱ्या अनेकांच्या हातात मतदार ओळखपत्र असते. यादीत नाव असेल तर कार्ड हरवले तरी आधार, पॅन दाखवून मत देता येते. नावच नसेल तर कार्डाचा उपयोग शून्य.

सर्वांत मोठा घोळ पत्ता बदलल्यावर होतो. भाड्याचे घर सोडून शहरातल्याच जुळे सोलापूर भागात गेलेले कुटुंब असो की लग्न होऊन आलेली सून, सगळे पुन्हा नमुना ६ हा नोंदणीचा अर्ज भरतात. तो फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. आधी कुठेही नाव असेल तर नमुना ८ भरावा. नाहीतर अर्ज फेटाळला जातो किंवा नाव दुबार होते. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही आणि जाणूनबुजून खोटे लिहून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शहर तेच, मग बदल कशाला?' असेही अनेकांना वाटते; पण सोलापूर शहर उत्तर (२४८), शहर मध्य (२४९) आणि दक्षिण (२५१) हे विधानसभेचे तीन वेगळे मतदारसंघ आहेत.

नमुना ८ वर एका अर्जात एकच काम होते. सुनेने आधी पत्ता बदलावा, नवे आडनाव लावण्यासाठी दुसरा अर्ज करावा.

नव्या मुलांचे अठरा पूर्ण झाले का हे पाहण्यासाठी वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज घेतात. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार देत असाल तर तो नोंदणीकृत हवा, नुसता नोटरीचा चालत नाही. वीजबिल आईवडिलांच्या नावचे चालते.

ऑनलाइन अर्जात इंग्रजी नावाचे मराठी रूप संगणक आपोआप भरतो. आपल्याकडच्या तेलुगू, कन्नड आडनावांची तिथे वाट लागते. 'गड्डम'चे 'गद्दम' होते. मराठी रकाना अक्षर-अक्षर वाचल्याशिवाय अर्ज पाठवू नये.

अर्जाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येतात तेव्हा यंत्रमागावर गेलेल्यांच्या किंवा विड्या द्यायला गेलेल्यांच्या घराला कुलूप असते आणि अर्ज तिथेच अडकतो. शेजाऱ्यांना सांगून ठेवावे, मोबाइल चालू ठेवावा. अर्ज नामंजूर झालाच तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांत विभागली जाते. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. आपण रविवारच्या अंकात नमुना ६ आणि ८ मधला फरक व १९५० हा मदत क्रमांक ठळक छापावा, ही कळकळीची विनंती.

— मतदार नोंदणीचे काम करणारे कार्यकर्ते, सोलापूर