आरोग्यमंत्री साहेब, शुगरच्या कार्डावर डोळ्याचा एक रकाना छापा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

आमचे वडील जेवताना सारखी माशी हाकलायचे, आणि घरात माशी नसायची. आई म्हणायची वय झालं, मी म्हटलं नंबर वाढला असेल, म्हणून तालुक्याला चष्म्याच्या दुकानात नेलं, मशीनवर बसवून नंबर काढला, नवीन काच बसवली, सहा महिन्यांनी परत नंबर बदलला, परत काच. मग एकदा सकाळी उठले तेच म्हणाले उजव्या डोळ्यापुढं लालसर जाळं आलंय. जिल्ह्याला नेलं तर डॉक्टर म्हणाले आत रक्त उतरलंय, शुगरनं डोळ्याच्या आतला पडदा खराब केलाय, पडदा शेवटचा कधी तपासला होता? आम्ही बापलेक एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो.

आता वडील काही दुखणं अंगावर काढणारे नाहीत हो. सात वर्षं दर महिन्याला सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत उभे राहतात, कार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून नेतात. शुगर, बीपी, वजन, गोळ्या, सगळे रकाने भरलेले, एका महिन्याचा खाडा नाही. डोळ्याचा रकानाच नाही, त्यामुळे कुणी विचारलं नाही, आणि आम्हाला वाटायचं नंबर काढला म्हणजे डोळे तपासले.

ते तसं नसतं हे आता कळलं. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, अर्धा तास बसवतात, मग आतला पडदा बघतात, नंतर दोन-चार तास अंधुक दिसतं म्हणून गाडी चालवायला दुसरा माणूस लागतो, एवढंच. मोठ्या वयात होते ती शुगर सापडली की लगेच आणि मग वर्षातून एकदा हे करायचं असतं, कारण ती सापडायच्या आधीच कित्येक वर्षं अंगात मुरलेली असते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, दिसतंही नीट. लवकर कळलं तर शुगर-बीपी आवरून, लेझर नाहीतर डोळ्यातलं इंजेक्शन देऊन नजर टिकवता येते, गेलेली मात्र बहुतेक वेळा परत येत नाही.

मोतीबिंदूचं काम सरकारनं केलंय, खोटं कशाला बोलू, आमच्या आजीचं ऑपरेशन फुकट झालं आणि आठवड्यात ती परत तांदळातले खडे निवडायला लागली. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासूनचा आहे आणि 2015-19 च्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधांमध्ये 66.2 टक्क्यांचं कारण मोतीबिंदूच निघालं, त्यामुळे जोर तिकडं असणार हे मान्य. पण त्याच वर्षांतल्या दुसऱ्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या शुगरवाल्यांपैकी 16.9 टक्के लोकांच्या पडद्याला शुगरनं धक्का लावलेला सापडला. मोतीबिंदूला वर्षभर उशीर झाला तरी ऑपरेशननंतर माणूस बहुतेक वेळा बघतो. पडद्याला ती सवलत नाही साहेब.

मी नवीन हॉस्पिटल मागत नाहीये. कार्डावर 'पडदा तपासणी, तारीख' एवढा रकाना छापा, आणि तो रिकामा असेल तर गोळ्या देणाऱ्या सिस्टरनी तिथूनच डोळ्याच्या खोलीत पाठवावं, आमच्याकडं ती खोली रांगेपासून वीस पावलांवर आहे. थेंब न टाकता पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे आता आलेत, फोटो इथं काढायचा आणि जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तिथं बसून बघायचा. प्रत्येक ठिकाणी कॅमेरा परवडत नसेल तर गाडीत घालून महिन्यातून एक दिवस आणा, गोळ्यांच्या वाराला, म्हणजे लोकांची दुसरी रोजंदारी बुडणार नाही. मजूर माणूस निव्वळ डोळे दाखवायला वेगळा दिवस काढत नाही, त्याला दिसतंय तोवर तर नाहीच.

वडिलांचा डावा डोळा वाचलाय, उजव्याचं इंजेक्शन चालू आहे. हल्ली रांगेत ते पुढच्या-मागच्याला विचारत असतात, काय हो, पडदा बघितला का? लोक म्हणतात कसला पडदा. कार्डाच्या मागच्या बाजूला त्यांनी बॉलपेननं स्वतःच रकाना आखून घेतलाय, रेघ जरा वाकडी गेलीय.

आपला,
रांगेतल्या एका शुगरवाल्याचा मुलगा