सूचना : मागच्या मोकळ्या जागेचे काँक्रिटीकरण, रविवारी सभा

सर्व सभासदांना नमस्कार,

पार्किंगसाठी मागच्या जागेत सरसकट काँक्रीट करण्याचा प्रस्ताव आला आहे. त्यावर निर्णयासाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता क्लब हाऊसमध्ये सभा आहे. प्रत्येक घरातून एकाने तरी यावे.

येण्यापूर्वी एक हिशेब पाहा. १,००० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० लिटर पाणी. माती त्यातले बरेच जिरवते. काँक्रीटवरून जवळजवळ सगळे लगेच आंबिल ओढ्यात धावते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याच्या पुराने काय केले, ते पुण्यात सगळ्यांना आठवते. आपल्या आवारातले पाणी खालच्या वस्त्यांच्या दारात लोटणे मला पटत नाही.

समितीचा पर्याय : गाड्यांखाली गवत उगवेल असे जाळीदार ब्लॉक, उताराच्या कडेने चर आणि शेवटी शोषखड्डा. झाडे आहेत तिथेच राहतील.

तोपर्यंत :
• ओढ्याकाठी माती, राडारोडा टाकू नये. दुरुस्तीचे काम असलेल्यांनी ठेकेदाराला बजावून सांगावे.
• गच्चीचे पाइप मैलावाहिनीला जोडू नयेत.

– सचिव