न पाहण्याची मोकळीक आहेच

इराणी दिग्दर्शक माजिद माजिदी यांच्या ‘मुहम्मद : द मेसेंजर ऑफ गॉड’ या फारसी चित्रपटाच्या ऑनलाइन प्रदर्शनावर बंदी घालावी, असे पत्र राज्य सरकारने केंद्राला पाठवल्याचे वृत्त (जुलै २०२०) वाचून खेद वाटला. इराणमध्ये २०१५ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात प्रेषित मुहम्मद यांचे बालपण आहे. मात्र त्यांचा चेहरा दाखवलेला नाही, कॅमेरा बहुतेकदा पाठीमागून चालतो. श्रद्धेची एवढी बूज राखणाऱ्या दिग्दर्शकावर अनादराचा आरोप अन्यायकारक वाटतो. ज्या मुस्लिमांना प्रेषितांचे पडद्यावरील चित्रणच अमान्य आहे, त्यांच्या भावनेचा मान राखावा. पण पाहू इच्छिणाऱ्यांना सरकारने का अडवावे? संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. केवळ त्यासाठीही मी तो पाहणार होतो.

– एक वाचक, सातारा