शाखेची सक्ती आणि परतीचा मार्ग

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेतच आपली अभ्यासशाखा ठरवावी आणि पुढचे शिक्षण त्याच शाखेत घ्यावे, असे बंधन असावे की नसावे, हा प्रश्न अनेक देशांत पुन्हा पुन्हा चर्चेला येतो. गणित शिकवण्यात आयुष्याचा मोठा काळ गेल्यामुळे या विषयावर लिहावेसे वाटले. निवडीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो सक्तीने करवून घेतलेल्या आणि पुढे फिरवता न येणाऱ्या निवडीला. जी व्यवस्था मुलांना शाखा निवडायला लावते, तिच्यावर शाखा बदलण्याचा मार्ग खुला ठेवण्याचेही बंधन असलेच पाहिजे.

या वयात मूल नेमके कशातून निवडते, हे आधी पाहावे. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र, वास्तुरचना यांची बहुतेकांना तोंडओळखही झालेली नसते. त्यामुळे कागदावर विषयाचे नाव असले, तरी प्रत्यक्षात निवडला जातो तो आवडता शिक्षक, गेल्या परीक्षेतील गुण, मित्रमैत्रिणींचा निर्णय किंवा आईवडिलांची इच्छा. बीजगणितात चाचपडणारी मुले दोन वर्षांनी संभाव्यता शिकताना एकाएकी खुलतात, हे गणिताचा कोणताही शिक्षक सांगेल. अशा मुलांना त्याआधीच ‘गणित तुझ्यासाठी नाही’ असे शिक्कामोर्तब करून दुसऱ्या वर्गात पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

ही विभागणी जितकी लवकर होते, तितका घरच्या परिस्थितीचा हात तिच्यात मोठा असतो. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत मुलांच्या शाळांचे प्रकार चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास वेगळे होतात, तर फिनलंडने १९७० च्या दशकात अशी लवकरची विभागणी रद्द करून सर्व मुलांना नऊ वर्षे एकत्र शिकवण्याची पद्धत स्वीकारली. ज्या देशांत विद्यार्थी लहान वयात वेगळे केले जातात, तेथे पालकांच्या सांपत्तिक आणि शैक्षणिक स्थितीचा मुलांच्या यशाशी असलेला संबंध अधिक घट्ट असतो, असे ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांच्या विश्लेषणातून वारंवार पुढे आले आहे. सिंगापूरने तर गुणांनुसार मुलांना वेगवेगळ्या प्रवाहांत विभागण्याची अनेक दशके चालवलेली पद्धत २०२४ मध्ये माध्यमिक शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलांसाठी बंद केली. आता विद्यार्थी एका विषयात वरच्या आणि दुसऱ्यात खालच्या स्तरावर शिकू शकतो.

मात्र शाखांच्या भिंती पाडल्या की सारे सुरळीत होते, असेही नाही. फ्रान्सचा अनुभव या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखा आहे. तेथे सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळेत विज्ञान, अर्थ-समाजशास्त्र आणि साहित्य अशा तीन ठरावीक शाखा होत्या. २०१९ पासून त्या काढून टाकल्या आणि उपांत्य वर्षी तीन विशेष विषय निवडावेत, शेवटच्या वर्षी त्यांपैकी दोन पुढे न्यावेत, अशी मोकळीक दिली. उद्देश चांगला होता, पण स्वतंत्र विषय म्हणून गणित सर्वांच्या सामाईक अभ्यासातून वगळले गेले आणि पाहता पाहता ते सोडणाऱ्यांची, विशेषतः मुलींची, संख्या वाढली. गणितज्ञांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. अखेर २०२३ पासून, विशेष गणित न घेणाऱ्यांसाठीही उपांत्य वर्षात आठवड्याला दीड तास गणित पुन्हा आवश्यक करावे लागले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने अवघड वाटलेला विषय सोडला, यात तिचा दोष काय? अभियांत्रिकीपासून अर्थशास्त्रापर्यंत किती वाटा त्या एका विषयावर अवलंबून आहेत, हे तिला तेव्हा स्पष्टपणे सांगणे मोठ्यांचे काम होते. इंग्लंडमध्येही सोळाव्या वर्षानंतर ए-लेव्हल या शाळेअखेरच्या परीक्षेकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी तीनच विषय घेतात आणि बाकीचे तिथेच सुटतात.

व्यावसायिक शिक्षणाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो. पुस्तकी अभ्यासात मन न रमणाऱ्या मुलाला आणखी काही वर्षे त्याच बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा हाताला काम आणि कौशल्य मिळाले तर त्याचे भले होते, हे खरेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोन तृतीयांश मुले पंधरा-सोळाव्या वर्षानंतर व्यावसायिक प्रशिक्षणाकडे वळतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. परंतु त्या व्यवस्थेचे बळ केवळ प्रशिक्षणात नाही. प्रशिक्षणाला जोडून व्यावसायिक माध्यमिक परीक्षा देता येते, तिच्या आधारे उपयोजित विज्ञानाच्या उच्च शिक्षणसंस्थांत जाता येते आणि आणखी एक पूरक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास विद्यापीठाचे दारही उघडते. हा दुसरा भाग सोडून केवळ लवकर विभागणीचे अनुकरण करणे घातक ठरेल.

म्हणून भाषा आणि गणित हे विषय, स्तर वेगवेगळा ठेवून का होईना, शालेय शिक्षणाच्या शेवटपर्यंत सर्वांना असावेत. निवडीनंतरचे पहिले वर्ष चाचपणीचे मानावे. त्या वर्षाअखेर शाखा बदलणाऱ्याला सेतू अभ्यासक्रम मिळावा आणि त्याचे वर्ष वाया जाऊ नये. महाविद्यालयांनी प्रवेश देताना शाखेचे नाव न पाहता आवश्यक त्या विषयांची तयारी पाहावी. यासाठी अधिक शिक्षक लागतील, वेळापत्रक गुंतागुंतीचे होईल आणि लहान शाळांना ते विशेष जड जाईल, याची मला जाणीव आहे. त्यांना शेजारच्या शाळांबरोबर एकत्र वर्ग चालवावे लागतील आणि त्याचा खर्च शासनाने उचलावा लागेल. एक गोष्ट मात्र फारशा खर्चाशिवाय येत्या प्रवेशापासूनच करता येईल. शाखानिवडीच्या ज्या अर्जावर पालक सही करतात, त्याच अर्जावर ही शाखा घेतल्याने पुढील कोणते अभ्यासक्रम बंद होतात आणि ते पुन्हा खुले करण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते, हे साध्या भाषेत छापलेले असावे.

आपला विश्वासू,
एक गणित शिक्षक